पाठमोऱ्या नायकाची चाल

खेळ, म्हणजे व्हिडिओ गेम, बाजारात आला आणि दुसऱ्या दिवसापासून समीक्षकांनी त्याची पिसं काढायला घेतली. त्यातही सगळ्यात जास्त पिसं निघाली ती नायकाच्या चालण्याची, आणि ती चाल बसवली होती छकुलीने.

छकुली म्हणजे कोणी शेंबडी पोर नव्हे. वय चौतीस, नाकावर जाड भिंगांचा चष्मा, खेळातल्या पात्रांना चालायला, पळायला, पडायला शिकवणं हा धंदा. पण वडिलांनी एकदा ऑफिसात फोन करून ‘छकुली आहे का?’ असं विचारलं आणि त्या दिवसापासून तिचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं.

ऑफिस म्हणजे एका दंतवैद्याच्या दवाखान्यावरची खोली. खाली कोणाच्या दाढेला ड्रिल लागलं की वर टेबलावरचे कप शहारायचे. माणसं तीन. खेळाचा मालक, त्याला सगळे मुकादम म्हणत, कारण हाताखाली माणसं दोनच असली तरी रुबाब दोनशे मजुरांचा होता. दुसरा बंदूकवाला. खेळातल्या बंदुका आणि त्यांचे आवाज ही त्याची जबाबदारी, आणि लेसर बंदुकीचा आवाज त्याने सरळ खालच्या ड्रिलवरून उचलला होता. तिसरी छकुली.

खेळाचं नाव ‘राखेचा ग्रह’. स्वस्तातला मामला. दूरच्या एका ग्रहावर राख पडून सगळं बंद पडलंय, यंत्रं दुरुस्त करणारा एक माणूस तिथे अडकलाय आणि बिघडलेले यंत्रमानव त्याच्या जिवावर उठलेत. गोळ्या झाडत बाहेर पडायचं, एवढीच कथा. आता ज्यांनी असे खेळ खेळले नसतील त्यांच्यासाठी सांगायला हवं की यात कॅमेरा नायकाच्या मागे, खांद्याच्या जरा वर असतो. त्यामुळे नायकाचं तोंड कसं का असेना, कोणाचं काही अडत नाही. खेळणाऱ्याला तासन् तास दिसते ती त्याची पाठ.

मोठ्या कंपन्या नटांच्या अंगावर ठिपके चिकटवून त्यांच्या हालचाली यंत्राने टिपतात. इथे नटही नव्हता आणि ठिपकेही नव्हते. छकुलीने मग घरातलाच माणूस धरला. तिचे बाबा वीज कंपनीत मीटर तपासनीस होते, आयुष्यभर दारोदार चाललेले, तेव्हा चालायला यांच्यापेक्षा लायक कोण, असा तिचा हिशेब. बाबा तयार झाले, पण अट घातली.

“मला उगाचच्या उगाच चालता येत नाही. पाय अडखळतात. काहीतरी काम सांग.”

“बरं, मग बटाटे आणा.”

म्हणून बाबा बटाटे आणायला निघाले आणि छकुली मोबाइल उंच धरून त्यांच्या मागोमाग. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती, एका कुत्र्याने तर कोपऱ्यापर्यंत सोबत केली. जातानाचं चित्रण कुत्र्यामुळे बाद झालं. येतानाचं चांगलं निघालं, आणि येताना बाबांच्या डाव्या हातात पिशवी होती. पुढे कितीतरी दिवस तिने ते चित्रण एकेक चौकट थांबवून नायकाच्या अंगावर चढवलं. इमानेइतबारे चढवलं, म्हणजे जे जे दिसलं ते सगळं. पिशवी तेवढी पुसली, पण पिशवीने ओढलेला डावा खांदा तसाच राहिला. चालता चालता बाबा अधूनमधून मान वळवून मागे बघत होते, तेही राहिलं.

कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं तुम्ही विचाराल. बंदूकवाल्याला वाटलं, छकुलीने मुद्दाम ठेवलंय. मुकादमाला वाटलं, नायक घाबरलेला आहे म्हणून बघतो, कथेतच असेल. छकुलीला काहीच वाटलं नाही, कारण ती पाठ तिने इतक्या वेळा पाहिली होती की ती तिला दिसेनाशीच झाली होती. तिघेही एकमेकांच्या भरवशावर राहिले आणि खेळ बाजारात गेला.

पहिल्या समीक्षकाने दहापैकी चार गुण दिले. ‘राख सुंदर, बाकी सगळं राखेत,’ असं त्याने लिहिलं. दुसरीने लिहिलं की नायक ग्रह वाचवायला निघालाय की दूध आणायला, हे शेवटपर्यंत कळत नाही. तिसऱ्याचं म्हणणं पडलं की या खेळात यंत्रमानव माणसासारखे चालतात आणि माणूसच तेवढा बिघडलेला वाटतो. बंदुकांच्या आवाजावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. त्या आवाजाने दात शिवशिवतात, असं तिघांनीही वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं होतं. बंदूकवाला हे ऐकून इतका हरखला की खाली जाऊन दंतवैद्याचे आभार मानून आला. दंतवैद्याला कौतुक झालं की राग आला, ते त्याच्या मुखपट्टीमुळे समजलं नाही.

मग आला कात्री. या टोपणनावाने लिहिणारा हा समीक्षक स्वस्तातल्या खेळांवरच लिहायचा आणि लिहायचा तेव्हा कापडाच्या पार चिंध्या करून टाकायचा. मुकादमाने त्याचा लेख मोठ्याने वाचायला घेतला.

“‘नायकाच्या डाव्या हातात जड पिशवी आहे. ती दिसत नाही, पण आहे. माझी खात्री आहे की तिच्यात बटाटे आहेत.’”

बंदूकवाला फस्सकन हसला आणि छकुलीचा चेहरा बघून त्याने ते हसू खोकल्यात ढकललं.

“‘शिवाय हा गृहस्थ सारखा मागे वळून बघतो. मान वळते, मानेबरोबर खांदा वळतो, नेम हलतो आणि मी मरतो. ज्या कोणी ही चाल बसवली त्याने आयुष्यात एकदा तरी एखादा माणूस नीट बघायला हवा होता.’”

“पुरे,” छकुली म्हणाली.

“अजून आहे पुढे.”

“असू दे. पुरे म्हटलं ना.”

मुकादमाने लेख बंद केला. माणूस वाईट नव्हता तो. त्याने खुर्ची तिच्या टेबलाजवळ ओढली आणि आवाज खाली आणून म्हणाला, “हे बघ, तुझी चूक नाही. आपण तिघंही झोपलो होतो. पण बाजारात तयार चाली मिळतात. मी एक विकत घेऊन ठेवलीय, सैनिकाची आहे, ताठ. उद्या सकाळी खेळाची सुधारित आवृत्ती टाकायचीच आहे, त्यात जुनी काढू आणि ही घालू. तू फक्त हो म्हण.”

छकुलीने जरा जास्तच पटकन मान हलवली. “काढ. काढूनच टाक.”

चाल टाकाऊ निघाली याचं तिला एवढं दुःख नव्हतं. धंद्यात असं होतं, माणूस दुसरी बसवतो. तिला धास्ती होती ती बाबांची. निवृत्त झाल्यावर बाबांना कोणी काही विचारत नव्हतं, आणि अशात ते एकदम अंतराळातले नायक झाले होते. न्हाव्याला सांगून झालं, शेजाऱ्यांना सांगून झालं, फोन चुकीचा लागला तर त्या माणसालाही सांगून झालं की अमुक खेळात जो चालतो ना, तो मी. रोज संध्याकाळी दार उघडलं की पहिला प्रश्न, “काय म्हणतायत लोक?” आणि छकुलीचं उत्तर ठरलेलं, “चांगलं म्हणतायत.” खेळ दाखव म्हणाले की आज उद्या करत तिने टाळलं होतं. आता उद्या सकाळी चाल निघून जाईल. मग बाबांना दाखवायचं तरी काय? कुठल्या तरी अनोळखी सैनिकाची ताठ पाठ? आणि न दाखवावं तर कधीतरी कोणीतरी त्यांना सांगणारच की काका, तुमचं हसं झालं होतं म्हणून तुम्हाला काढलं.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा दारातच उभे होते. आई आठवडाभरासाठी मावशीकडे गेली होती, त्यामुळे घरात बाबांना आवरणारं कोणी नव्हतं. त्यांच्या हातात मोबाइल होता आणि चष्मा कपाळावर सरकलेला. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

“कोपऱ्यावरचा औषधवाला खेळतो असले खेळ,” ते म्हणाले. “त्याने मला सगळं वाचायला दिलं.”

छकुलीने पिशवी खाली ठेवली आणि बुटांचे बंद सोडायचं निमित्त करून खाली वाकली. “बाबा, ते लोक ना, त्यांचं कामच असतं नावं ठेवायचं. तुम्ही मनावर—”

“अगं, हा कात्री म्हणजे काय माणूस आहे!” बाबांचा आवाज चढला होता, पण रागाने नव्हे. “बटाटे म्हणाला! बरोब्बर बटाटे! औषधवाल्याला मी म्हटलं, अरे होतेच ना बटाटे. पिशवी दिसत नाही आणि आत काय आहे ते सांगतो हा. मी एवढी वर्षं मीटर बघितले, डबा उघडल्याशिवाय एक आकडा नाही सांगता आला मला.”

छकुली वाकलेलीच राहिली. तिला वाटलं होतं, बाबा रडवेले झाले असतील किंवा गप्प झाले असतील. इथे तर स्वारी उड्या मारायच्या बेतात होती.

“तुम्हाला वाईट नाही वाटलं?”

“वाईट कशाचं? इतके लोक इतका वेळ माझ्या पाठीकडे बघत बसले! तुझ्या आईने पण कधी बघितलं नाही इतकं. आणि शेवट काय छान लिहिलाय त्याने.”

“शेवट?”

“तू वाचला नाहीस?” बाबांनी चष्मा नाकावर घेतला, मोबाइल हातभर लांब धरला आणि शाळेत धडा वाचावा तसं थांबत थांबत वाचलं. “‘अखेरच्या बोगद्यात नायक जखमी होतो आणि वेगळा चालतो. तिथे तो एकदाही मागे बघत नाही. मी थांबलो. वाट बघितली. तो वळलाच नाही. मला एकदम एकटं वाटलं. ज्या सवयीला मी खेळभर शिव्या घातल्या तीच नसल्यावर असं का वाटावं, हे मला अजून कळलेलं नाही. दहापैकी पाच.’”

बोगद्यातली लंगडी चाल छकुलीने स्वतःच्या मनाने बसवली होती. तिच्यासाठी बाबांना लंगडायला लावणं तिला बरं वाटलं नव्हतं. म्हणजे त्या एका जागी बाबा नव्हते, आणि ते नाहीत हे एका परक्या, तिखट जिभेच्या माणसाला बसल्या जागी जाणवलं होतं. मघाशी ऑफिसात ज्याचा गळा धरावासा वाटत होता, त्याच माणसाबद्दल तिला आता मनापासून बरं वाटलं, अगदी घरी बोलावून चहा पाजावा इतकं. पुढे तिने त्याला आभाराची एक ओळ पाठवलीही. त्याचं उत्तर आलं, ‘हा टोमणा आहे का?’

“पण एक चूक केलीय त्याने,” बाबा मोबाइल खिशात घालत म्हणाले. “मी कुठे मागे बघतो?”

“बघता की.”

“काहीतरीच. मी सरळ बघून चालतो. तू सांगितलंच होतंस, कॅमेऱ्याकडे बघू नका म्हणून.”

“तरी बघत होता. तेव्हा वाटलं, कॅमेऱ्यामुळे अवघडलायत.”

“अगं नाही म्हणतोय ना. शक्यच नाही.”

आता वाद पेटला होता, आणि या घरात वाद पेटला की पुराव्याशिवाय विझत नसे. छकुलीने खेळाचं यंत्र टीव्हीला जोडलं. उद्या सकाळी चाल जायचीच होती. बाबांनी एकदा तरी स्वतःला बघावं, असंही तिच्या मनात आलं, आणि आपण हे इतके दिवस टाळलं याची तिला लाज वाटली.

पडद्यावर करडी राख पसरली. मधोमध तो माणूस, पाठमोरा, अंगावर जाड पोशाख, हातात बंदूक. छकुलीने बाबांना यंत्रमानवांनी हैराण करू नये म्हणून सुरुवातीचं मोकळं मैदान निवडलं आणि नायकाला चालवायला सुरुवात केली. डावा खांदा खाली, उजवा पाय किंचित बाहेर पडणारा, पाऊल टेकताना टाच आधी.

बाबा सोफ्याच्या कडेला येऊन बसले. जरा वेळ त्यांनी नुसतं पाहिलं.

“हा मी नाही,” ते म्हणाले.

“बाबा, तुम्हीच आहात. एकेक पाऊल तुमचं आहे.”

“नाही गं. मी कसा चालतो ते मला माहीत नाही का?”

“कसं माहीत असेल? स्वतःची पाठ कोणाला दिसते?”

बाबा पुढे सरकले. पडद्यावरचा माणूस चालत होता. राखेत त्याच्या बुटांचे ठसे उमटत होते आणि मागून पुसले जात होते. मग त्याने मान वळवली, डाव्या खांद्यावरून, अर्धीच. मागे कोणी येतंय का, तेवढं बघितलं आणि पुन्हा चालू लागला.

बाबांनी छकुलीच्या मनगटावर हात ठेवला. “थांब.”

तिने थांबवलं.

“नाही, थांबवू नको. चालू दे. गोळ्या नको मारू. नुसतं चालू दे.”

तिने पुन्हा चालवलं. बाबांचा हात तिच्या मनगटावर तसाच होता.

“हे अण्णा आहेत,” बाबा म्हणाले.

अण्णा म्हणजे बाबांचे वडील. छकुलीच्या जन्माआधीच ते गेले होते. घरात त्यांचा एकच फोटो, समोरून काढलेला, खुर्चीत ताठ बसलेला, कोणाचाही आजोबा म्हणून खपेल असा. त्या फोटोकडे बघून छकुलीला कधी काही वाटलं नव्हतं, आणि बाबाही त्यांच्याबद्दल फारसं बोलत नसत.

“ते गवंडीकाम करायचे ना,” बाबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. “हत्यारांची पेटी डाव्या हातात. सुट्टीच्या दिवशी मला कामावर न्यायचे. लांब लांब पावलं टाकायचे, मला गाठता यायचं नाही. मी मागे पडायचो. पण हाक नाही मारायचे कधी. असंच बघायचे. मान वळवून, अर्धीच. मी येतोय असं दिसलं की पुन्हा चालायला लागायचे.” त्यांनी दुसऱ्या हाताने पडद्याकडे बोट दाखवलं. “अगं, मी त्यांचा चेहरा विसरत चाललोय. फोटो बघावा लागतो. पण ही पाठ... ही तू कुठून आणलीस? तू तर त्यांना बघितलंच नाहीस.”

छकुलीने काहीच कुठून आणलं नव्हतं. ती फक्त बटाटे आणायला गेलेल्या माणसाच्या मागे मोबाइल धरून चालली होती, आणि चालताना तो माणूस तिच्याकडे, कॅमेऱ्याकडे नव्हे, तिच्याकडे बघत होता, ती येतेय ना ते. बालवाडीच्या रस्त्यावर बघत असेल, दवाखान्याच्या जिन्यात बघत असेल, आणि तिच्या ते कधी ध्यानात आलं नव्हतं, कारण ती असायची आपल्याच नादात. कात्रीने लिहिलं होतं की एखादा माणूस नीट बघायला हवा होता. खरंच होतं त्याचं. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत, कारण एक हात खेळाच्या यंत्रावर होता आणि दुसऱ्यावर बाबांचा हात होता.

टेबलावर तिचा फोन वाजला. मुकादम. तिने मनगट हळूच सोडवून तो कानाला लावला.

“सैनिकाची चाल बसवून झाली,” मुकादम म्हणाला. “ताठ आहे, झकास दिसतेय. सकाळी टाकतो.”

“टाकू नको.”

“म्हणजे? दुपारी तर तूच—”

“दुपारी मी अर्धाच लेख ऐकला होता. ऐक, नेम हलतो ही तक्रार खरी आहे, ती दुरुस्त करते. बंदूक उचललेली असताना तो मागे नाही बघणार. पण बंदूक खाली असली की बघणार. आणि बोगद्यातसुद्धा बघणार, जखमी असला तरी. उद्या संध्याकाळपर्यंत दे मला.”

“अगं, पण लोक हसतायत त्या चालीला.”

“हसू देत. तू कात्रीचा शेवट वाच, मग बोल.”

पलीकडून पुटपुटणं ऐकू आलं. मुकादम वाचत असावा. मग तो खाकरला आणि म्हणाला, “खांदा पण तसाच ठेवायचा?”

“खांदा पण.”

“ठेव बाई. दहापैकी पाचच मिळणार आपल्याला.”

“मिळू देत,” छकुली म्हणाली आणि फोन ठेवला.

बाबांचं तिकडे लक्षही नव्हतं. ते कधी सोफ्यावरून उतरून खाली बसले ते तिला कळलं नाही. गुडघे जवळ घेऊन, टीव्हीच्या अगदी समोर. पडद्यावर राखेत एकटा माणूस चालला होता आणि त्याचा डावा खांदा ओढलेला होता. त्याने मान वळवली.

“आलो, अण्णा,” बाबा म्हणाले.

छकुलीने त्याचा वेग कमी केला, फार पुढे जाऊ नये म्हणून.